हिरव्या निशाणाचा अर्थ

गाण्याचा अर्थ सांगणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही. देवळात कुणी एखादी ओळ धरून ती सोलायला बसलं की मी पदर सावरून उठते. लोकांना वाटतं म्हातारीचे गुडघे दुखत असतील. गुडघे दुखतात, पण मी उठते ते त्यामुळे नाही. मी स्वतः एकदा एका गाण्याचा अर्थ सांगितला होता. त्यात एका माणसाचा जबडा गेला आणि एका बाईचा हात कोपरात मोडला. तेव्हा मी चौथीत होते. माझी शाळा तेवढीच झाली, आणि आमच्या घराला तेवढी पुरली.

आमचं घर भाज्यात, लेण्यांच्या डोंगराखाली. मागच्या दाराला डोंगर, पुढच्या दाराला खाचरं, खाचरांच्या पलीकडे रेल्वे. घाट चढून आलेली मालगाडी इथं दम खायची, तिचा आवाज आमच्या भांड्यांतून यायचा. फळीवरची पितळी थरथरली की आई म्हणायची, गेली. घरात दुसरा आवाज मुसळाचा आणि तिसरा मारण्याचा. आमच्याकडे तोंडाआधी हात बोलायचा. बाप आईला बैलाच्या आसुडानं मारायचा. मी पाच वर्षांची असताना तो तापानं गेला, पण आसूड खुंटीला तसाच राहिला. दादा मोठा झाला तेव्हा एक दिवस त्यानं तो खुंटीवरून काढला, हातात तोलून पाहिला आणि परत ठेवला. आई चुलीपाशी बसून बघत होती. मला वाटतं, त्या दिवशी तिला बरं वाटलं. घरात पुरुष आला असं वाटलं असेल.

मी कुणाचे गोडवे गाणार नाही. आईसुद्धा मारायची. भातलावणीच्या दिवसांत खाचरात खेकडे मिळायचे, ते ती जिवंत हातात धरून एकेक नांगी कडकन मोडायची, पाट्यावर वरवंट्यानं ठेचायची आणि त्याच हातानं मध्येच मला एक ठेवून द्यायची, मी बघत उभी राहिले म्हणून. ते कालवण आणि नाचणीची भाकरी, त्याच्यासारखं पुढं काही खाल्लं नाही. शाळेतही तेच. आमचे मास्तर कवितेचा अर्थ लिहून आणायला सांगायचे. एकही शब्द अर्थावाचून सोडायचा नाही, असा त्यांचा नियम. बगळा आला तर बगळ्याचा अर्थ लिहा, पाणी आलं तर पाण्याचा लिहा. शब्द सुटला की बोटांच्या पेरांवर उभी पट्टी. म्हणून मी शब्द सोडत नसे. अर्थ नसला तरी कुठून तरी आणत असे. मास्तर मला हुशार म्हणायचे.

दादाचं नाव भिवा. आमच्या चार खाचरांतलं काम संपलं की तो लोणावळ्याला बंगल्यांच्या पायासाठी दगड फोडायला जायचा. दिवसभर घण मारून आलेल्या माणसाचा हात घरी आल्यावर लगेच थांबत नाही, असं आई सांगायची. वहिनीला ती तेच सांगायची, तिच्या पाठीला हळद लावताना. वहिनीचं नाव सुंद्रा. पवनेच्या बाजूची, काळी, रुंद खांद्यांची, पुढचे दात थोडे मोठे. दिसायला काही विशेष नव्हती. पण गळा असा की ती बांधावर गायला लागली की रेल्वेच्या पलीकडच्या शेतातले लोक मान वर करून बघायचे.

भातलावणी तेव्हा इर्जिकीनं व्हायची. आज सगळ्या बाया आमच्या खाचरात, उद्या त्यांच्यात, परवा आणखी कुणाच्या. सात-आठ जणी ओळीनं वाकायच्या, डोक्यावर इरलं, डाव्या हातात रोपांची मूठ, आणि एक जण गाणं सांगायची. बाकीच्या मागून ओढायच्या. आधी गाणं साळू मावशी सांगायची. ती आमच्या शेजारची, विधवा, बिडी ओढणारी, तोंडाची फाटकी. वहिनी आल्यावर मावशीनं आपणहून गाणं तिच्याकडे दिलं. मी अजून ओळीत उभी राहत नव्हते. घरी भाकऱ्या बघायच्या, त्या खाचरावर पोचवायच्या आणि शाळेत पळायचं, हे माझं काम. गाणं मला लांबूनच ऐकू यायचं. त्याची एक ओळ कायम असायची, माझा जीव टांगणीला. कुणीतरी गेलेला आहे, सांगून गेलेला नाही, आणि ही वाट बघते आहे. रडकं गाणं. पण बाया ते गाताना मधूनच हसायच्या, ते का हे मला तेव्हा कळलं नाही.

एकदा दादा गिरणीतून पीठ न घेताच परत आला. पिठाचा डबा त्यानं अंगणात आपटला. गिरणीवर कुणीतरी त्याला विचारलं होतं, भिवा, तुझी बायको रोज एवढी ओरडून कुणाला बोलावती रं, तू तर घरातच असतोस. सगळे हसले होते. दादानं हे आईला सांगितलं नाही, मला सांगितलं. का, तर मला लिहिता येत होतं.

"इंदे, तिचं गाणं लिवून घे. सगळं. आन मला वाचून दाखव."

मी विचारलं, अर्थ पण लिहू का.

"आर्थच पायजे मला," तो म्हणाला.

वहिनीला मी सांगितलं की शाळेत दाखवायचं आहे. ती खूश झाली. ओसरीवर भात कांडत बसली होती. मुसळ वर गेलं की ओळ, खाली आलं की थांबायची, म्हणजे मला लिहायला वेळ मिळे. मागच्या दोन दिवसांत खाचरात जे गायली ते तिनं तसंच सांगितलं. लिहून झाल्यावर ती हात पुसून माझ्याजवळ आली आणि वहीकडे बघत राहिली. तिनं विचारलं, ह्यात माझा आवाज कुठं हाय. मी म्हटलं, आवाज लिहीत नाहीत, शब्द लिहितात. तिनं एका ओळीवर बोट ठेवलं. तिच्या घामेजल्या बोटाचा डाग त्या कागदावर उमटला. त्या वेळी मला तिचा राग आला होता, माझी वही खराब केली म्हणून. खरं ते सांगते.

त्या ओळी मला अजून पाठ आहेत.

कधी येशील राजा, माझा जीव टांगणीला
बगळा बसला एकटा माझ्या खाचराच्या बांधाला

निळा सदरा अंगात, कोण उभा राहिला वाटेला
कधी येशील राजा, माझा जीव टांगणीला

हिरवं निशाण हाती, गाडी सोडली घाटाला
मडक्याचं गार पाणी, ओंजळ लागली ओठाला

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी इर्जिकीला गेल्यावर दादा ओसरीवर बसला आणि मी त्याच्यासमोर उभी राहून वाचलं, जसं मास्तरांसमोर वाचत असे. हाताची घडी, छाती पुढं. राजा म्हणजे जो माणूस आवडतो तो. बगळा एकटा म्हणजे ती एकटी. इथपर्यंत तो ऐकत होता. निळा सदरा म्हणजे काय, त्यानं विचारलं. मी म्हटलं, निळा सदरा रेल्वेवाल्यांना असतो. आणि हिरवं निशाण? फाटकवाल्याच्या हातात असतं, गाडी सोडायला. आणि मडकं? मला हेही येत होतं. मडकं फाटकावरच्या खोलीत, गुमटीत आहे, बाया तिथं पाणी पितात, तो ओंजळीत वरून ओततो. एकही शब्द सुटला नव्हता. मास्तरांनी शाबासकी दिली असती.

फाटकवाला गंगाराम होता. लांबच्या कुठल्याशा जिल्ह्यातून आलेला, एकटा, लाजाळू माणूस. बाया आल्या की तो खाली बघून पाणी ओतायचा आणि निम्मं त्यांच्या मनगटावर सांडायचा. साळू मावशी त्याला चिडवायची की लग्न झाल्यावर बायकोला तरी बघशील का रं. मी त्याचं नाव घेतलं नव्हतं. अर्थ सांगताना नाव घ्यायची गरज पडत नाही.

दादा उठला. आसूड घेतला नाही, कोपऱ्यातला कुदळीचा दांडा घेतला. आई चुलीपाशी होती. तिनं दांडा बघितला आणि भाकरी उलटली. मी वही तशीच हातात घेऊन त्याच्या मागं धावले. काय होणार आहे हे मला कळलं होतं. मला ते थांबवायचं नव्हतं, बघायचं होतं. आता सांगताना मी ते बदलणार नाही.

गंगाराम गुमटीबाहेर उभा राहून फाटक लावत होता. गाडी यायची होती. दादानं काही विचारलं नाही. पहिला दांडा त्याच्या गुडघ्यावर, दुसरा तो वाकल्यावर तोंडावर. लाकूड हाडावर बसलं तो आवाज मी आईच्या वरवंट्याखाली रोज ऐकत होते, म्हणून ओळखला. तो खाली पडला, तरी आपल्याला का मारलं हे त्याला कळलं नव्हतं. तो आपला हात वर करून थांब थांब असं करत होता. मग शिट्टी झाली. आणि मी जे बघितलं ते कुणाला सांगितलं तर खोटं वाटतं. गंगाराम उठला. तोंडातून लाळ आणि रक्त गळत होतं, खालचा जबडा एका बाजूला लोंबत होता. तो गुमटीला धरून उभा राहिला आणि त्यानं निशाण दाखवलं. दादासुद्धा थांबला. दांडा खांद्यावर टाकून, एखादा माणूस पाऊस थांबायची वाट बघतो तसा तो उभा राहिला. गाडी गेली, शेवटचा डबा गेला. मग त्यानं गंगारामला पुन्हा मारलं.

तिथून तो खाचराकडे निघाला. बाया आमच्या शेजारच्या खाचरात होत्या. गाणं चालू होतं. तो चिखलात शिरला तसं एकेक आवाज बंद होत गेला, शेवटी वहिनीचा. तिनं वर बघितलं, हातात रोपांची मूठ तशीच. त्यानं तिला केसांना धरून ओळीतून बाहेर ओढली. लावलेली रोपं उपटत आली. तिनं तोंड झाकायला हात वर केला, त्या हातावर दांडा बसला आणि कोपर उलट्या बाजूला वळलं. ती ओरडली नाही, हुंकारल्यासारखा आवाज आला. मग त्यानं दांडा टाकला आणि दोन्ही हातांनी तिचं तोंड चिखलात दाबलं.

साळू मावशीनं त्याचा सदरा धरला. काय केलंय तिनं, ती विचारत होती. दादा म्हणाला, गाण्यात सांगती सगळ्या गावाला, निळा सदरा, हिरवं निशाण. मावशीनं त्याच्याकडे येड्याकडे बघावं तसं बघितलं.

"आरं मुडद्या, खाचरातनं दिसंल ते वळीत घालायचं असतंय. तसंच सांगत्यात गाणं. परवा तुझाच बैल मुतत होता, तो घातलाता तिनं. समद्या हासल्या."

एक बाई त्या वेळीही फिसकन हसली, भीतीनं. आणि मला एकदम कळलं. वाट बघणारी ओळ जुनी, ती सगळ्यांची. तिच्या जोडीला गाणं सांगणारीनं समोर दिसेल ते उचलून यमक जुळवायचं. बगळा दिसला बगळा, फाटकवाला दिसला फाटकवाला. त्यात अर्थ नव्हताच. पाठ मोडू नये म्हणून चाललेला खेळ होता. ओळीत उभ्या राहणाऱ्या प्रत्येक बाईला हे माहीत होतं. मी बांधावरची, माझ्या हातात वही.

दादालाही कळलं असेल. पण एका माणसाचा जबडा फोडून आलेला माणूस आपलं चुकलं असं कसं मान्य करेल? त्याला आता ते गाणं खरंच असायला हवं होतं. त्यानं वहिनीचं डोकं सोडलं नाही, फक्त मान माझ्याकडे वळवली.

"इंदे. ह्यो आर्थ तुला हिनंच सांगितला ना?"

वहिनीचं तोंड तेवढ्यापुरतं वर आलं होतं. नाकातून चिखल आणि बुडबुडे येत होते. एक डोळा उघडा होता. तो माझ्याकडे बघत होता की कुठंच बघत नव्हता, ते मला आजही सांगता येत नाही. मी दादाच्या हातांकडे बघितलं. नाही म्हटलं असतं तर ते हात तिच्या मानेवरून माझ्या मानेवर आले असते.

"व्हय," मी म्हटलं. "वैनीनंच सांगितला."

त्यानं तिला परत दाबलं. या वेळी पाय हलायचे थांबायला लागले. तेव्हा साळू मावशीनं त्याच्या पाठीवर उडी घेतली आणि त्याचा कान दातांत धरला. मग बाकीच्या आल्या. सहा जणी. हत्यार कुणाकडेच नव्हतं, लावणीला हत्यार लागत नाही. त्यांनी त्याला पालथा पाडला, दोघी पायांवर बसल्या, दोघी हातांवर, मावशी मानेवर, आणि त्याचं तोंड त्याच चिखलात घातलं. दोन बायांनी वहिनीला बांधावर ओढून पोटावर दाबलं, ती ओकली, श्वास घेतला. तो आवाज ऐकू येईपर्यंत मावशी दादाच्या मानेवरून उठली नाही. वहिनीनं आणखी थोडा वेळ घेतला असता तर मावशीही थोडा वेळ बसून राहिली असती. त्याचा अर्धा कान तिनं बांधापलीकडे थुंकला.

आज त्या खाचरात शनिवार-रविवारी गाड्या लावतात. लेणी बघायला आलेली पोरं गाडीची दारं उघडी टाकून मोठ्यानं गाणी वाजवतात, तीही बहुतेक रडकीच असतात. माझी नात म्हणते, आजी, अर्थ कळला तर तुलापण आवडतील. मी म्हणते, असू दे.

पोलीस आले ते वहिनीसाठी नव्हेत. बायकोला मारलं म्हणून तेव्हा कुणी येत नसे. फाटकावरच्या रेल्वेच्या माणसाला मारलं होतं, गाडीच्या वेळेला, म्हणून आले. दादाला नेलं. गंगारामला मोठ्या दवाखान्यात हलवलं, वहिनीला लोणावळ्याच्या. दोन दिवसांनी आईनं मला पुढ्यात बसवून नीट समजावलं. हवालदार माझी जबानी घेणार होता. बाईचंच वाकडं पाऊल होतं असं निघालं तर दादा लवकर सुटेल, कुठल्याही नवऱ्यानं हेच केलं असतं असं साहेब म्हणतील. फाटकवाल्याची नोकरी जाईल, जाऊ दे, तो कोण आपला. वहिनीला माहेरी घालवू, दादाला दुसरी करू. मला नवं काही बोलायचंच नव्हतं. खाचरात बोलले तेच परत बोलायचं होतं. न्हाई बोललीस तर बघ, एवढंच ती वर म्हणाली. मग तिनं माझ्याकडे भाकरी बांधून दिली, वहिनीसाठी. माणसं अशीही असतात.

दवाखान्यात वहिनी खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. हात फळीला बांधलेला, तोंड सुजून एका बाजूला गेलेलं, पुढचे दोन दात चिखलातल्या दगडावर गेलेले. भाकरी तिला चावता येईना. मी ती पाण्यात कुस्करून दिली, तिनं डाव्या हातानं खाल्ली. सगळं खाऊन झाल्यावर म्हणाली, वही आणलीस का. पोलिसांना दाखवायची म्हणून आईनं ती पिशवीत घातलीच होती.

"त्याला वाचून दावलास ते वाच."

मी वाचलं. हाताची घडी घातली नाही. राजा म्हणजे जो माणूस आवडतो तो. ती एकटी आहे. तो निळ्या सदऱ्यात वाटेवर उभा राहतो. तो गाडी सोडतो पण त्याचं लक्ष तिच्याकडे असतं. तो तिच्या ओंजळीत गार पाणी ओततो. ती डोळे मिटून ऐकत होती. शेजारच्या खाटेवरची बाई पण ऐकत होती. वाचून झाल्यावर वहिनी हसायला गेली आणि दुखलं म्हणून तोंड धरलं.

"आगं, आसा कुनी आसता," ती म्हणाली, "तर मी तुमच्या खाचरात वाकले आसते व्हय? कवाच गेले आसते."

मग तिनं वही माझ्या हातातून घेतली, त्या पानावरून एकदा हात फिरवला आणि परत दिली. फाडली नाही. मी रडेन असं तिला वाटलं असावं, कारण तिनं मान दुसरीकडे वळवली. मी रडले नाही. मला फक्त त्या खोलीतून लवकर बाहेर पडायचं होतं.

हवालदार दाराबाहेर बाकावर बसला होता, मांडीवर कागद. जाडा, घामट, कंटाळलेला माणूस. त्यानं विचारलं, पोरी, हा अर्थ तुला कुणी सांगितला. मी म्हटलं, कुणी नाही, मी माझ्या मनानं लिहिला. त्यानं लेखणी थांबवली. त्याच्याकडे आधीच दुसरं काहीतरी लिहिलेलं असावं.

"भाऊ तर म्हणतो, तू खाचरात सगळ्यांदेखत बायकोचं नाव घेतलंस."

"खोटं बोलले. त्यानं मला मारलं असतं."

"आणि अर्थ कशाला लावलास मग?"

"मास्तर पट्टी मारतात. शब्द सुटला की."

त्यानं आधीचा कागद दुमडून दुसरा घेतला. मी सांगितलं तसं लिहून त्यानं ते मला वाचून दाखवलं आणि सही करायला लावली. मी पूर्ण नाव लिहिलं, वेलांट्यांसकट. दादाला पुढं शिक्षा झाली. गंगाराम वाकड्या जबड्यानं का होईना, पुन्हा नोकरीवर लागला, पण आमच्या फाटकावर नाही. वहिनी दवाखान्यातून थेट पवनेकडे गेली. आमच्याकडे तिची दोन लुगडी होती, ती न्यायलाही कुणी आलं नाही. हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी मी लोणावळ्याहून रेल्वेच्या कडेकडेनं चालत घरी आले. माझ्याआधी बातमी पोचली होती. आई दारात उभी होती, हातात चुलीची लोखंडी फुंकणी. मला ती फाटकापासूनच दिसली. मी चाल कमी केली, पण वळले नाही. वळून जायला दुसरं घर नव्हतं. तिनं पहिली हाणली ती डाव्या कानावर. त्या कानानं मला तेव्हापासून काही ऐकू येत नाही. पुढचं तिनं किती मारलं ते मी मोजलं नाही, आणि तोंडापुढं हात धरला नाही. वहिनीच्या वाट्याला गेला होता तो मार खरा माझा होता. हाही माझाच होता, आणि या वेळी तो माझ्यापर्यंत पोचला.